वाहिन्यांनी काही बिघडत नाही, म्हणणाऱ्यांसाठी

निफाडजवळ कांदा करणाऱ्या माझ्या मामांनी परवा एक मजकूर पाठवला आणि खाली ‘अगदी बरोबर’ असा शेराही मारला. मजकुराचे म्हणणे असे: लोकांना हवे तेच वाहिन्या दाखवतात, सुशांतसिंह राजपूत प्रकरण त्यांनी लावून धरले म्हणून सत्य बाहेर आले, आणि पडद्यावर काहीही चालो, राजकीय चर्चा व्हायची ती होतेच. यातला शेवटचा दावा मामांना पटावा, याचे मला फार वाईट वाटले.

शेतमालाविषयीचे तीन अध्यादेश ५ जून २०२० रोजी निघाले आणि सुशांतसिंह यांचा मृत्यू १४ जूनला झाला. अध्यादेशांचे कायदे होण्याआधी त्यांवर बोलायला जे तीन महिने होते, त्यांतल्या कितीतरी संध्याकाळी राष्ट्रीय वाहिन्यांनी सुशांतसिंह यांची मैत्रीण रिया चक्रवर्ती यांच्या मागे कॅमेरे धावताना दाखवण्यात घालवल्या. १४ सप्टेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने, त्या तीन अध्यादेशांपैकी एकाच्या जागी आलेले, कांद्यावरचे साठ्याचे निर्बंध सैल करणारे विधेयक मंजूर केले. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, म्हणजे या विसंगतीचा जाब बाहेर तरी विचारला जायला हवा होता. मराठी वाहिन्यांनी कांदा उत्पादकांची आंदोलने दाखवली, हे मान्य. पण भाव दुप्पट झाल्यास साठ्यावर मर्यादा घालता येईल, हे त्याच विधेयकात लिहिलेले आहे, असे मामांना कोणी सांगितले नाही. कांदा साठवायच्या चाळीतल्या उन्हाळ कांद्याला कोंब फुटत असतानाही, ‘आता साठ्याची कटकट गेली, व्यापारी माल उचलतील,’ या भरवशावर ते थांबले. २३ ऑक्टोबरला घाऊक व्यापाऱ्यांवर २५ टनांची आणि किरकोळ विक्रेत्यांवर २ टनांची मर्यादा आली, तेव्हा त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले.

राहिले ‘सत्य बाहेर आले’ हे. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात, माध्यमांनी चालवलेले असे खटले न्यायदानात अडथळा आणतात, असे स्पष्ट म्हटले आणि दोन वाहिन्यांचे वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे ठरवले. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला. वाहिन्या महिनोन्‌महिने ज्या खुनाविषयी बोलत होत्या, तो सिद्ध झालाच नाही.

लोकांना हवे तेच दाखवतात, यात अर्धे तथ्य आहे, कारण आमच्याही घरी रात्री नऊला तेच लागलेले असे. पण त्याच दिवसांत मामा रोज संध्याकाळी आडत्याला फोन करून, लासलगावला आज काय भाव निघाला आणि सरकार पुढे काय करणार आहे, हे विचारत होते. तेही त्यांना हवेच होते.