रुंद टायर, मोठं रिम म्हणजे जास्त पकड? गोव्याच्या पावसात तरी नाही

पाऊस तोंडावर आला की एक मजकूर या ग्रुपातून त्या ग्रुपात फिरायला लागतो. थार, जिम्नी, गुरखा अशा फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या घेतलेल्यांसाठी सल्ला असतो: कंपनीचे टायर काढून टाका. टायर जेवढा रुंद आणि रिम जेवढं मोठं, तेवढी पकड जास्त. पावसाळ्याला मड टायरच, म्हणजे चिखलासाठीचे मोठ्या फटींचे टायरच हवेत. हवा कमी कराल तर टायर फाटेल. आणि एकदा चार टायर बदलले की डोंगर काय, किनारा काय, गाडी कुठेही जाईल. हे वाचून पोरं कर्ज काढून टायर-रिमचा संच घेतात. म्हणूनच यातला एकेक मुद्दा तपासायला हवा. आपल्या जमिनीवर आणि आपल्या पावसात त्यातलं फार थोडं टिकतं.

“रुंद टायर रुतत नाही.” तळ लागत नाही अशा चिखलात हे खरं आहे. भरलेलं शेत किंवा खाजन (खाडीकाठची दलदलीची) जमीन असेल तर वजन पसरलेलं बरं. पण सत्तरी, धारबांदोडा, सांगे इकडच्या वाटा जांभ्याच्या आहेत. वर दोन-चार बोटं लाल चिखल आणि त्याखाली कडक दगड. इथे टायरने चिखल कापून दगडाला टेकायचं असतं. अरुंद टायरखाली तेवढंच वजन कमी जागेवर येतं, म्हणून तो खाली पोचतो. रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. कुळ्याहून दूधसागरला पर्यटक नेणाऱ्या जीप नदीच्या पात्रातून, गोट्यांवरून जातात. त्यांत दिसणाऱ्या बोलेरोचं कंपनीचं माप आहे २१५/७५ आर १५. जिम्नीचं तर १९५/८० आर १५. ही मापं कंपनीने काटकसर म्हणून दिलेली नाहीत.

रिमचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नुकसान तिथेच जास्त होतं. टायरवरचा आकडा वाचायला शिका. २०२० च्या थारला प्रकाराप्रमाणे दोन मापं आली: २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. हिशेब केला तर १६ इंची रिमवर भिंत सुमारे १८४ मिलिमीटर येते आणि १८ इंचीवर १६६. म्हणजे मोठं रिम घेतलं तेव्हा जवळजवळ दोन सेंटिमीटर रबर आणि हवा गेली. धक्का झेलतं ते हेच रबर आणि हीच हवा.

गावातल्या रस्त्याची तुटलेली कड आठवा. डांबर संपतं तिथे वीतभर खाली धारदार चिरा उघडा पडलेला असतो. चाक त्यावर आदळलं की टायरची भिंत रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात. वरून काही दिसत नाही. मग कधीतरी गाडी धुताना हाताला फुगा लागतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. भिंत उंच असेल तर हा प्रसंगच क्वचित येतो. त्यामुळे १८ इंची थारवाल्याने २० इंची रिमकडे बघूच नये. १६ वर उतरता आलं तर उत्तम, मात्र आतले ब्रेक नव्या रिमला घासत नाहीत ना, हे दुकानातच बसवून बघावं. लोखंडी डिस्कला, म्हणजे साध्या लोखंडी रिमला, नाव ठेवू नका. ती वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय रिमला तडा जाऊ शकतो.

टायर उंच केल्याने गाडी खूप उचलली जाते, हाही गैरसमज आहे. १८ इंची थारला २८५/७० आर १७ घातले तर व्यास सुमारे ४२ मिलिमीटर वाढतो, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे २१. शिवाय वेगाचा काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६३ ने जात असता, आणि चढावर इंजिन जड पडतं ते वेगळंच.

“पावसाळ्यात मड टायरच.” खोल चिखलात त्याला तोड नाही. मोठ्या फटींतून तो चिखल भिरकावतो आणि पुन्हा चावायला मोकळा होतो. पण त्याच फटींमुळे ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं, पाणी पुसणाऱ्या बारीक चिरा नसल्यातच जमा. चोर्ला घाटाच्या किंवा अनमोड घाटाच्या वळणावर, धो धो पावसात, पुढचा ट्रक थांबला की हा फरक कळतो. आपली चाकं बहुतेक वेळ डांबरावरच फिरतात. अशा माणसाला ऑल टेरेन टायर, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा टायर, पुरतो. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. आपल्या पावसासाठी मी ३ च्या खाली जाऊ देणार नाही.

हवेबद्दलचं म्हणणं तर उलटंच आहे. आडवाटेला लागताना हवा १८ ते २० पीएसआयवर आणली आणि वेग कमी ठेवला, तर टायरचा ठसा लांब होतो, टायर दगडाला कवेत घेतो. ठासून भरलेला टायरच टोकदार दगडावर लवकर कापला जातो. फार खाली मात्र जाऊ नये, नाहीतर उतारावर टायर रिममधून निसटतो. आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरायची. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेवर अवलंबून असतो: ढोबळ सूत्राने ३२ पीएसआयला ताशी सुमारे ९४ किलोमीटर, २० ला जेमतेम ७५. झिजलेला टायर यात आधी सापडतो. रिमवर पैसे घालण्याआधी चांगला कंप्रेसर आणि हवेचा मीटर घ्या.

रिम बाहेर काढायला स्पेसर, म्हणजे रिमच्या मागे बसवायची जाड चकती, लावू नका. बेअरिंगवर ताण येतो, खड्ड्यात स्टिअरिंग हिसका देतं, आणि कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात.

किनाऱ्याचं तर नावच नको. गोव्यात वाळूवर गाडी नेणं गुन्हा आहे. मोरजी, आगोंद, गालजीबागला तिथे कासवं अंडी घालतात.

राहिला चार टायरचा हिशेब. घ्यायचे ते पाच, एकाच मापाचे. थार आणि जिम्नीत फोर-व्हील लावलं की पुढची-मागची चाकं एकाच गतीला बांधली जातात. पंक्चर होऊन जुन्या लहान मापाची स्टेपनी चढवली तर व्यासातला फरक गिअरबॉक्सवर ताण म्हणून साचतो. पाचवा घ्यायला पैसे पुरत नसतील तर माप बदलूच नका. कंपनीच्या मापाचेच चांगले ऑल टेरेन घ्या, भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळपेक्षा कमी नाही ना ते बघा, आणि भिंतीवरचे शेवटचे चार अंक वाचा: २५२३ म्हणजे २०२३ चा २५ वा आठवडा. दुकानदार जुना माल देत असेल तर तिथेच कळेल.