दात नाहीत म्हणून वर्षभर मिक्सर?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा फिरत आला. दात येईपर्यंत बाळाला भाजीचा तुकडा देऊ नका, घशात अडकतो. वर्षभर सगळं मिक्सरमधून काढा. चवीला चिमूटभर मीठ किंवा मध घाला. हिरड्या शिवशिवत असतील तर कच्चं गाजर चघळायला द्या. खाली नमस्काराच्या हातांची रांग. आमचं आठ महिन्यांचं बोळकं रोज दुपारी लाल भोपळ्याच्या फोडी चापतं, म्हणून गप्प बसवेना.

आधी दातांचं. पुढचे दात तुकडा तोडायला. चावायच्या दाढा साधारण तेराव्या महिन्यानंतर येतात, मग तोवर मिक्सरच लावायचा का? मऊ शिजलेली फोड बाळ हिरड्यांनीच चिरडतं. त्या हिरड्या किती टणक असतात ते ज्याचं बोट त्यात सापडलंय त्याला विचारा. उष्टावण सहा महिने पूर्ण झाल्यावर करावं आणि आठव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक बाळं हातात धरून खाऊ शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. गुळगुळीत भरवणं फार लांबवलं तर पुढे जिभेला जरा गुठळी लागली की मूल थुंकतं.

अडकण्याची भीती खोटी नाही. पण अडकतं ते कडक, गोल, निसरडं: शेंगदाणे, फुटाणे, अख्खं द्राक्ष. भाजीची परीक्षा चिमटीत होते. अंगठा आणि तर्जनीत फोड दाबली की तिचा लगदा झाला पाहिजे. मी गाजर, रताळं, भोपळा बोटाएवढे लांब चिरून डब्यात घालून कुकरला लावते. गाजराला तीन शिट्ट्या. भोपळ्याला एकच, नाहीतर उचलताना तुटतो. लांब अशासाठी, की या वयात बाळ मुठीत धरतं आणि मुठीबाहेर आलेलं टोक खातं. चिमटीने उचलणं नवव्या महिन्याच्या आसपास जमतं. दुधी हातातून सटकतो, त्याला नाचणीचं भाजलेलं पीठ चोळायचं.

सुरुवातीला बाळ ओकारी आल्यासारखं करतं, लाल होतं, खोकतं, तुकडा बाहेर ढकलतं. ते शिकणं आहे. खरंच अडकलं तर आवाजच बंद होतो. म्हणून बाळ ताठ बसलेलं हवं आणि समोर मोबाइल न बघणारं मोठं माणूस. घास अडकला तर पाठीवर थापट्या कशा मारायच्या हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या.

मीठ वर्षाच्या आत नको. मध तर मुळीच नको, अगदी बोटावरचासुद्धा. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

आणि कच्चं गाजर! शिजलेल्या तुकड्याला घाबरणारा मेसेज शेवटी हे सुचवतो. हिरड्यांनी त्याचा कडक टवका निघतो आणि तोच घशात बसतो. तो मेसेज वाचून सासूबाईंनी काल मंडईतून मुद्दाम गाजरं आणली. "अहो आई, चिमटीत दाबून बघा ना," म्हटलं. त्यांनी दाबलं, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता कुकर काढला.