पार्क स्ट्रीटची थडगी आणि आपले राजाराम महाराज

कोलकात्याचे फोटो स्टेटसला टाकले तर गल्लीतल्या एका काकांचा लगेच मेसेज, "इंग्रजांची थडगी काय बघत बसलायस, पाडून पार्किंग करायला पाहिजे तिथं." तेव्हा हसलो, पण डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

साऊथ पार्क स्ट्रीटचं हे कब्रस्तान १७६७ चं. पार्क स्ट्रीटला तेव्हा बेरियल ग्राउंड रोडच म्हणायचे. आत शिरलं की हॉर्न मागं पडतात आणि समोर पिरॅमिड, घुमट, खांबांचे मंडप, सगळं विटांचं, वर चुन्याचा गिलावा, तो पण शेवाळानं काळा पडलेला. शाकुंतल इंग्रजीत नेणारे विल्यम जोन्स इथंच आहेत, आणि चार्ल्स स्टुअर्ट नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी, जो रोज गंगेवर आंघोळीला जायचा, लोक त्याला 'हिंदू स्टुअर्ट' म्हणायचे, १८२८ ला वारला तर थडगं चक्क देवळासारखं!

मला वाटलेलं सगळे मिशीवाले साहेब असतील. पण पाट्यांवरची वयं वाचत गेलो तर काय, तरण्या पोरी, तान्ही बाळं. बंगालात आलेला गोरा दोन पावसाळे टिकला तर नशीब, असं त्यांच्यातच म्हणायचे. पिळाच्या सुळक्याखाली रोझ एल्मर आहे, १८०० साली गेली, वय वर्षं २०. पाटीवरच्या अक्षरातलं शेवाळ बोटानं काढताना एकदम आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज (दुसरे) आठवले.

ते पण २० वर्षांचेच की ओ. इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथं तेव्हा दहनाची पद्धत नव्हती, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. १८७४ ला तिथं स्मारकाची छत्री उभारली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, आणि नंतर शेजारी पूल झाला त्याचं नावच 'भारतीयाचा पूल'. कोण कुठला परदेशी राजा, पण नीट जपलंय त्यांनी. आणि आपण दुसऱ्याच्या पोरीच्या थडग्यावर पार्किंग करायचं म्हणतो? कंपनीनं लुटलं ते लुटलंच, त्याचा हिशोब त्या वीस वर्षाच्या पोरीकडं कशाला मागायचा?

काकांना काही न लिहिता नुसता फ्लॉरेन्सच्या छत्रीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "ही पंचगंगा घाटावरची कुठली रं? रंग कधी दिला?"