खिडकीचे जादा पैसे

गेल्या रविवारी कोल्हापूरहून निघालेल्या एका सहलीच्या बसमध्ये समुद्राकडच्या खिडकीसाठी मी दोनशे रुपये जादा मोजले आणि मला झालर लावलेला, तेलकट, मरून रंगाचा पडदा पाहायला मिळाला. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, म्हणून डावीकडचीच खिडकी मी आग्रहाने मागून घेतली होती.

पहाटे दसरा चौकात बसमध्ये चढलो, तर त्या जागेवर साठीचे एक भारदस्त गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसलेले. मी पावती दाखवली.

"मला गाडी लागती वो," ते म्हणाले. "खिडकी नसली की मळमळतंय."

"काका ज्येष्ठ आहेत, जरा सांभाळून घ्या," असे म्हणून आयोजकांनी माझ्या दोनशे रुपयांचा निकाल लावला.

गाडी लागणारा माणूस उपाशीपोटी, लिंबू हुंगत, डोळे मिटून बसतो, अशी माझी समजूत होती. या गृहस्थांनी मलकापूर येईपर्यंत भडंगाची पुडी संपवली. विशाळगडाचा फाटा मागे पडताना दोन उकडलेली अंडी सोलून त्यांची टरफले माझ्या समोरच्या जाळीत, माझ्याच पाण्याच्या बाटलीशेजारी, नीट रचून ठेवली. आणि आंबा घाटाच्या ज्या वळणांवर मागच्या बाकांवरून पिशव्यांसाठी हाका सुरू झाल्या, त्याच वळणांवर ते मला शेंगदाण्याच्या चटणीची भाकरी आग्रहाने देत होते. 1660 साली याच मुलखात बाजीप्रभूंनी ज्या जिद्दीने खिंड अडवली, तेवढ्याच जिद्दीने यांनी खिडकी अडवली होती. भाकरी मात्र चांगली होती, हे नाइलाजाने नमूद करतो.

रत्नागिरी मागे पडली, रस्ता चढावर आला आणि उजव्या बाजूचे प्रवासीसुद्धा उठून डावीकडे झुकले. नेमक्या त्याच क्षणी काकांनी पडदा ओढून घेतला.

"ऊन लई तोंडावर यायलंय, पाव्हणं."

सकाळचे साडेदहा वाजले आहेत, सूर्य अजून पूर्वेकडे, म्हणजे डोंगराच्या बाजूला आहे आणि आपली खिडकी पश्चिमेला आहे, हे मी त्यांना शक्य तितक्या शांतपणे समजावून सांगितले.

"पाण्यावर आपटून येतंय न्हवं ते!" काका म्हणाले. मग माझा चेहरा पाहून त्यांनी समजूत घातली, "एवढं काय बघायचंय त्यात? आपला रंकाळा हाय की. आन् त्याचं पाणी खारटबी न्हाई."

एवढे बोलून त्यांनी पडद्यावर डोके टेकवले आणि ते घोरू लागले. त्यांच्या मानेच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीतून आरे-वारेचा समुद्र मला बोटभर रुंदीचा दिसत होता. वळणावर काकांचे डोके कलले, की तोही जात असे.

निदान वरच्या वळणावर पाच मिनिटे गाडी थांबवा, अशी विनंती मी केली. वेळ नाही, असे उत्तर मिळाले. पुढे एका काजू-कोकमाच्या दुकानापाशी मात्र हीच गाडी पाऊण तास उभी राहिली आणि त्या वेळात चालक व आयोजक यांना आतल्या खोलीत चहा-भजी मिळाली. असल्या सहली समुद्र दाखवण्यासाठी काढतात की कोकम खपवण्यासाठी, हे पत्रकावर आधीच छापले असते तर मी घरीच थांबलो असतो. दुकानातला आमसुलांचा दरही मंडईपेक्षा जास्त होता.

गणपतीपुळ्याची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. समोर अथांग समुद्र आणि शेजारी कोणी पडदा ओढणारे नाही, या व्यवस्थेचा मला गाभाऱ्यासमोर हात जोडून उभा असताना मनापासून हेवा वाटला. परतीचा रस्ता निवळी फाट्यावरून, म्हणजे समुद्राकडे पाठ करून होता, त्यामुळे काकांनी खिडकीची जागा आपणहून मला देऊ केली. बाहेर अंधार होता.

कोल्हापुरात उतरताना आयोजकांनी प्रत्येकाला सहल कशी झाली, असे विचारले. काकांचा नंबर माझ्या आधी होता.

"जेवण बेस झालं," ते म्हणाले, "पण समुद्र काय दिसला न्हाई बघा."

आयोजकांनी तिथल्या तिथे हात जोडले आणि पुढच्या सहलीत काकांना डावीकडची खिडकी जादा पैसे न घेता देण्याचे कबूल केले.