स्टेन्सिल नको, हात चालू द्या

छोट्या गावातल्या बायकांनी लोकर विणून खांब आणि झाडं सजवल्याचा लेख मनापासून आवडला. आमच्या कळव्यातल्या सोसायटीने गेल्या दिवाळीत कुंपणाची भिंत वारली चित्रांनी रंगवली, त्याची आठवण झाली. आधी सगळे स्टेन्सिल घेऊन आले होते. तलासरीकडच्या एका मावशींनी ती बाजूला ठेवायला लावली. बांबूची काडी टोकाला ठेचून कुंचला केला, गेरूवर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले, माणूस उभा! तांदळाच्या पिठाचा रंग पावसात टिकत नाही, म्हणून पांढरा मात्र बाजारातला वापरला.

तलासरीकडचे वारली पाडे 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, पालघर जिल्हा नंतर वेगळा झाला. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, मुळात सवाशिणी लिहायच्या, म्हणजे काढायच्या. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून कळकळीने सांगते, भिंती रंगवायला एजन्सी नेमण्याआधी पाड्यावरच्या बायकांना बोलवा, आणि मजुरी ठरवून, रोख द्या. लोकरीचं विणकाम आपल्याकडे करणार असाल तर जूनआधी उतरवा, ओली लोकर झाडाच्या सालीला चिकटून राहते.