तापलेल्या घोडीचं पाणी तोडू नका

रविवारी भाच्याचा फोन आला. एप्रिलच्या उन्हात 40 किलोमीटरचा सराव करून आणलेली घोडी त्यानं हौदापासून लांब बांधून ठेवली होती. "मामा, अजून अर्धा तास पाणी नको ना?" आधार काय, तर व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर: दौडून आलेल्या घोड्याला तासभर पाणी दाखवू नका, पोटशूळ उठतो, खूर धरतात (म्हणजे खुरांना सूज येऊन घोडा लंगडतो), अंगावर गार पाणी ओतू नका, शिरा आखडतात, आल्या आल्या चंदी (दाण्याचा खुराक) घालू नका, पहिला येतो तोच खरा घोडा. मला स्वतःलाच तो चारदा आलाय. आता घरातल्या जनावरावर बेतलं म्हणून लिहितोय.

पाण्याचं आधी, कारण पाणी तोडल्यानं घोडे मरतात. उन्हात लांब पल्ला मारणारा घोडा तासाला 10 ते 15 लिटर घाम गाळू शकतो. त्या घामात रक्तापेक्षा जास्त मीठ असतं. पाण्याबरोबर मीठही जात असल्यानं रक्त खारट होत नाही आणि अंग सुकत आलं तरी घोड्याला पुरेशी तहान लागत नाही. तो आपणहून पाण्याला तोंड लावतो, ती वेळ दवडायचीच नाही. तासाभरानं बादली पुढे केलीत तर तो नुसता हुंगून मान फिरवेल. मग आतडी कोरडी पडतात, लीद अडकते आणि पोटशूळ उठतो. म्हणजे ज्या दुखण्याची भीती घालून पाणी तोडायला सांगतात, तेच दुखणं पाणी तोडल्यानं ओढवतं! मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली नाही तर घोडा सुकलाय.

चंदीचं मात्र खरं आहे, मान्य. दमलेल्या घोड्यापुढे लगेच भरपूर दाणा ओतला तर पोटशूळ उठू शकतो, खूरही धरू शकतात. दाण्याचा हा दोष कुणीतरी पाण्याच्या माथी मारलाय, एवढंच. आल्यावर पाणी आणि गवत द्या, चंदी नंतर.

गार पाण्यानं शिरा आखडत नाहीत. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकआधी तिथल्या उष्ण, दमट हवेच्या धास्तीनं शास्त्रज्ञांनी हेच तपासलं. तापलेल्या घोड्यांच्या सर्वांगावर गार पाणी ओतलं. स्नायूंना इजा झाली नाही, अंग मात्र लवकर निवलं. आंतरराष्ट्रीय एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडीत टप्प्यावर आल्यावर साधारण 15 मिनिटांत नाडी मिनिटाला 64 ठोक्यांवर आणून घोडा पशुवैद्यासमोर उभा करावा लागतो, आणि तोवर घड्याळ चालूच असतं. म्हणून जाणती माणसं घोडा थांबताच बादल्या घेऊन धावतात.

राहिला पहिला नंबर. कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही अशीच लांब पल्ल्याची घोडदौड 1955 पासून चालत आलीय, एका दिवसात 100 मैल. तिथं पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी ज्याची तब्येत सर्वांत उत्तम, त्याला 1964 पासून हॅगिन कप देतात, आणि त्यासाठीची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होते. पशुवैद्यानं बाद ठरवलेला घोडा कितीही आधी पोचला तरी यादीत नसतो.

भाच्याला फोनवरच सांगितलं, आधी दावं सोड. घोडी दोन बादल्या प्यायली. तो मजकूर तुमच्याकडे आला असेल तर पुढे धाडू नका, आणि ज्यानं धाडला त्याला हे वाचायला द्या.