तुतारीला हात लावू नका म्हणणाऱ्यांना

गणपती जवळ आले की आमच्या सांगली-मिरजेकडच्या बँडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला दहा-बारा जणांकडून आला. थोडक्यात त्यात असं म्हटलंय: तुतारी, शिंग, कर्णा ही आपली वाद्यं हजारो वर्षं जशीच्या तशी आहेत. त्यांचा आवाज पितळेतून येतो, दुसरं काही जोडलं की तो मरतो. या वाद्यांवर रागदारी आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघूच शकत नाही, त्यामुळे प्रयोग करून हाती काही लागत नाही. आणि नळ्या जोडायचे, कळा (बोटाने दाबायची बटणं) बसवायचे हे चाळे हल्लीचे, परदेशातून आलेले.

मी बावीस वर्षं ट्रम्पेट वाजवतो आणि पोचे आलेली, कळ अडकलेली वाद्यं दुरुस्त करतो. हा मजकूर वाचून आमच्या बँडमधल्या एका पोराने सुरू केलेलं काम सोडून दिलं, म्हणून हे लिहायला बसलो.

‘जशीच्या तशी’ म्हणणाऱ्यांनी ‘शिंग’ हा शब्द एकदा नीट उच्चारून बघावा. जनावराच्या शिंगाचं वाद्य कुणीतरी पहिल्यांदा धातूत घडवलं, ते लांबवलं, वाकवलं, तुकडे एकात एक बसवून मोठं केलं. नाव तेवढं जुनं राहिलं. प्रयोग करणारा तो माणूस थांबला असता तर आज मिरवणुकीपुढे तुतारी नसती. लांब कशाला जायचं? मिरजेचे शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे तंतुवाद्यं दुरुस्तीला येऊ लागली आणि दुरुस्त करता करता ते घडवायलाही लागले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच घराण्यांच्या कामामुळे.

पितळेचा मुद्दा मात्र कानानेच सोडवावा लागतो. फुंकताना थरथरतात ते ओठ, आणि घुमते ती नळीतली हवा. नळी किती लांब, आतून किती रुंद, तोंडाशी माउथपीस (ओठ टेकवायचा भाग) कसं आणि शेवटी ती कशी फुलते, यावर बहुतेक सगळं ठरतं. भिंत कशाची आहे याचा वाटा फार थोडा. उन्हाळ्यात मी तासगावकडच्या एका द्राक्षबागेतून उरलेली ठिबकची नळी आणली, 16 एमएमची, ड्रिपर न लावलेली. पावणेतीन मीटरच्या आसपास कापली, एका टोकाला ट्रम्पेटचं माउथपीस घट्ट बसवलं, दुसऱ्या टोकाला रॉकेलचं जुनं नरसाळं. परसात उभा राहून फुंकलं. घरातून भावाने ओरडून विचारलं, “तुतारी कुणाची आणलीस?” चांगल्या ट्रम्पेटइतका तो आवाज भरीव नाही, कारण नळी आतून तशी घडवलेली नाही. पण मेला म्हणावा असा मुळीच नाही.

आता रागदारी. इथे त्या मजकुराची सर्वांत मोठी चूक आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कळ नसलेली नळी पायऱ्या-पायऱ्यांनी स्वर देते. ओठ आवळत गेलात की मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वर लागत जातात. आठव्या पायरीला सा धरा. नववीवर रे, दहावीवर ग, बारावीवर प. यातला गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, आणि तो चुकीचा नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. मिरजेचा तंबोरा आणि तुतारी या बाबतीत एकाच घरच्या आहेत.

सा, रे, ग, प झाले. भूप रागाला आणखी धैवत हवा. तेराव्या पायरीवर जे लागतं ते शुद्ध धैवतापेक्षा बरंच खाली, ते चालत नाही. पण नळी एक पंचमांशाने लांब केली की तिचा सा उतरून मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतावर येतो, आणि तिच्या बाराव्या पायरीवर पुन्हा पहिल्या नळीचाच गंधार मिळतो. म्हणून मी दुसरी नळी छप्पन्न सेंटिमीटर जास्त ठेवून कापली. जुळवताना बोटभर कमीजास्त करावी लागली. दोन पोरांना दोन नळ्या दिल्या, एकाने सा-रे-ग-प सांभाळायचं, दुसऱ्याने फक्त धैवताला हजर व्हायचं. तिसऱ्या दिवशी ‘सा ध़ सा रे ग’ असं स्वच्छ निघालं. त्यातल्या धाकट्याचे ओठ सुजले होते, तरी नळी खाली ठेवायला तयार नव्हता.

ट्रम्पेटची कळ दुसरं काय करते? दाबली की नळीत एक जादा तुकडा जोडला जातो. पहिली कळ लांबी साधारण 12 टक्क्यांनी वाढवते, तिसरी 19 टक्क्यांनी. दोन्ही एकत्र दाबल्या तर 31 टक्के होतात, नेमक्या स्वरासाठी लागतात 33च्या वर. म्हणून तो स्वर चढा लागतो, आणि म्हणूनच तिसऱ्या कळीच्या सरकत्या नळीला बोटासाठी कडी असते, वाजवताना नळी बाहेर सारायला. म्हणजे श्रुती, स्वराची बारीकशी उंची, हलवायची सोय आमच्या हातात रोज असते. अरबी मकामांतले (आपल्या रागांसारख्या स्वररचनांतले) पाव-पाव स्वर मिळावेत म्हणून लेबनॉनच्या नसीम मालूफ यांनी 1960च्या दशकात ट्रम्पेटला चौथी कळ लावून घेतली. त्यांचे चिरंजीव इब्राहिम मालूफ तेच वाद्य आज जगभर वाजवतात. आपल्या उतरलेल्या गंधार-निषादांना अशी कळ नको आहे का?

मींड निघत नाही म्हणणाऱ्याने ट्रॉम्बोन, म्हणजे कळांऐवजी सरकती दांडी असलेलं पितळी वाद्य, हातात घेतलेला नसावा. एकाच पायरीवर राहून दांडी पूर्ण बाहेर काढली तर सा पासून खालच्या तीव्र मध्यमापर्यंत अखंड घसरता येतं. पायरी बदलताना तुटतं, हे खरं. ती मर्यादा सांगावी, पण शक्यच नाही असं सांगू नये.

हे चाळे हल्लीचे, याला उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. ऑस्ट्रियाचा संगीतकार हायडन याने आपला ट्रम्पेट कॉन्चेर्तो (ट्रम्पेट आणि वाद्यवृंदासाठीची रचना) 1796 साली लिहिला तो आंटोन वाइडिंगर या वादकाच्या भोकं पाडून चाव्या बसवलेल्या ट्रम्पेटसाठी. कळांचं पेटंट श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी 1818 साली घेतलं. आज जिला आपण ‘आपली बँडची ट्रम्पेट’ म्हणतो, मेरठहून मागवतो आणि हळदीच्या दिवशी दारात वाजवतो, ती त्या वेळच्या चाळ्यांतूनच आलीय.

त्या मजकुरातलं एक मात्र मला पटतं. देवळातल्या, वाड्यातल्या जुन्या तुताऱ्यांना हात लावू नये. मी स्वतः एका जुन्या तुतारीला चावीसाठी भोक पाडलं होतं. स्वर चढला, पण झाकण हवाबंद बसेना आणि खालचा सा कायमचा डळमळला. ती घडवणारा तांबट आता नाही. त्याचं दुःख मला आजही आहे. प्रयोग नव्या नळीवर करा, ठिबकच्या नळीवर करा, भंगारातल्या युफोनियमवर (बँडमधल्या जाड पितळी वाद्यावर) करा.

काम सोडून दिलेला तो पोरगा अशाच एका भंगारातल्या ट्रम्पेटच्या पहिल्या कळीच्या नळीला स्प्रिंग लावत होता, अंगठ्याने ढकलली की स्वर उतरावा आणि सोडली की आपोआप जागेवर यावा म्हणून. स्प्रिंग जरा कडक झाली होती, एवढंच. मी मऊ स्प्रिंग आणून ठेवलीय, आणि त्याला रविवारी बोलावलंय.